नवीन थीम टाकली आणि आईच्या ओव्यांची पार वाट लागली, मदत हवीय

जात्याचा_खुंटा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज गरज पडली म्हणून लिहितेय, रागावू नका.

माझा ब्लॉगस्पॉटवर, म्हणजे गूगलच्या ब्लॉगरवर, २०११ पासून ब्लॉग आहे. आई जात्यावर ज्या ओव्या म्हणायची त्या मी तिच्याकडून ऐकून उतरवून घेते आणि टाकते, साडेतीनशेच्या आसपास पोस्टी झाल्यात. इतकी वर्षं ब्लॉगरची ती जुनी 'सिंपल' थीमच होती, फिकट निळी. मागच्या आठवड्यात भाचा म्हणाला मावशी हे काय जुनाट, मोबाईलवर बघ कसं दिसतं. मग मी नेटवर शोधलं, एका साईटवर फुकट टेम्प्लेट मिळालं, डेमो इतका देखणा होता की बास, मोठे फोटो, मोठी अक्षरं, सगळं हवेशीर. झिप उतरवली, ती एक्सएमएल फाइल थीममध्ये जाऊन अपलोड केली आणि तेव्हापासून रडतेय.

झालंय ते असं. शीर्षकांच्या वेलांट्या वरून कापल्या जातात. अक्षरं एकमेकांपासून सुटी झालीत, डोक्यावरची रेघ तुटलेली, दात पडल्यासारखी. ओवीच्या ओळी पहिल्या पानावर सगळ्या एकात एक मिसळून एक लांबलचक वाक्य झालंय. बाजूच्या पट्टीत मी चाळीस-एक मराठी ब्लॉगांची यादी ठेवली होती ती गायब, आईचा फोटो आणि माहितीचा चौकोन गायब. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तळाला त्या साईटचं नाव आहे ते काढायला गेले तर ब्लॉग उघडला की दोन सेकंदांत त्यांच्याच साईटवर जातो!

बॅकअप घेतला नव्हता. माहितीय मला. बोला काय बोलायचं ते.

घाटमाथा

ताई पहिली गोष्ट, घाबरू नका, पोस्टी सुरक्षित आहेत. थीम म्हणजे अंगावरचे कपडे, मजकूर वेगळा साठवलेला असतो, थीम बदलून एकही ओवी जात नाही. तरी मनाला शांतता म्हणून आत्ताच सेटिंग्जमध्ये जाऊन 'बॅक अप कंटेंट' करून ठेवा, पोस्टी आणि प्रतिक्रिया सगळं एका फाइलमध्ये येतं. थीमचा बॅकअप वेगळा असतो बरं का, तो थीमच्या पानावर कस्टमाइझच्या शेजारी बाण आहे त्यात. लोक एक घेतात आणि दोन्ही घेतले असं समजतात.

तळाचं नाव काढल्यावर पान पळतं ना, तो त्या टेम्प्लेटमध्ये मुद्दाम पेरलेला कोड असतो. नाव शाबूत आहे का ते तपासतो, नसेल तर वाचकाला हाकलतो. बहुतेक वेळा तो वाचता येऊ नये म्हणून अगम्य अक्षरांच्या लांब माळेत गुंडाळलेला असतो. आणि जो कोड वाचता येत नाही त्यात अजून काय काय आहे हे कुणी सांगावं. माझं स्पष्ट मत, ते टेम्प्लेट दुरुस्त करत बसू नका, फेकून द्या.

नुसताच_वाचक

+१ फेकून द्या

सांगलीकर_गडी

काय राव ताई, चोराच्या हातात किल्ली दिल्यासारखं झालं की. मी पण केलंय हे, लाजू नका. २०१४ ला मी काळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं आणि वरनं पडणारा बर्फ लावलेला. सांगलीत बर्फ.

बोरूबहाद्दर

वर्डप्रेसवर या. आजच्या काळात ब्लॉगरवर कोण थीम बदलत बसतं.

घाटमाथा

बोरूभाऊ, बाईंचं घर गळतंय आणि तुम्ही म्हणताय नवीन फ्लॅट घ्या. थांबा जरा.

खडीसाखर

मी छापखान्यात अक्षरजुळणीचं काम केलंय वीस वर्षं, आता वेबसाठी करते, तर अक्षरांचं मी बोलते.

या सगळ्या थीम रोमन अक्षरांसाठी केलेल्या असतात. डेमोमध्ये जो मजकूर असतो तोही लॅटिनसारखा दिसणारा भरताड मजकूर. रोमन अक्षराला वर काही नसतं खाली फारसं काही नसतं, म्हणून दोन ओळींतलं अंतर १.२, १.३ ठेवलं तरी छान दिसतं. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, कधी सगळं एकत्र, आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षराचा दुसरा मजला. 'कीर्तीं' लिहून बघा वर किती गर्दी होते. त्यामुळे लाइन-हाइट मजकुराला किमान १.७ ठेवा, मी १.८ ठेवते, शीर्षकाला १.४ ते १.५. शीर्षक कापलं जातंय म्हणजे लाइन-हाइट कमी आहे आणि शिवाय त्या चौकोनाला 'ओव्हरफ्लो हिडन' लावलेलं आहे, बाहेर आलेलं सगळं छाटायचं असा त्याचा अर्थ. तो चौकोन वेलांटीला कचरा समजतो!

रेघ तुटते ते लेटर-स्पेसिंगमुळे. रोमन मोठ्या अक्षरांत शीर्षक थोडं पसरून लिहिलं की शाही दिसतं म्हणून थीमवाले एक-दोन पिक्सेल अंतर घालतात. देवनागरीत तेच अंतर शिरोरेषेत भोक पाडतं. झीरो करा, सगळीकडे, विचार न करता.

तिसरं इटॅलिक. देवनागरीत तिरपं अक्षर ही परंपराच नाही, बहुतेक फॉन्टांत तिरपा प्रकार नसतो, मग ब्राउझर सरळ अक्षराला धक्का देऊन वाकवतो. अवतरणं, फोटोखालच्या ओळी सगळं थीममध्ये तिरपं असतं. फॉन्ट-स्टाइल नॉर्मल करून टाका, वेगळेपणा दाखवायचा तर रंग थोडा फिका करा.

चिमणचारा

खडीसाखर काकू मस्त सांगितलंत! पण फॉन्ट कुठला? मला मुक्ता आवडतो.

खडीसाखर

मुक्ता चांगलाच आहे, मुंबईच्या एक टाइपचा, सात वजनांत मिळतो म्हणजे बारीक ते जाड सगळं खरंखुरं, ब्राउझरनं फुगवलेलं नाही. ओव्यांसाठी मात्र मला 'टीरो देवनागरी मराठी' सुचवावासा वाटतो, जुन्या छापील पुस्तकासारखा दिसतो. टीरोचे हिंदी, मराठी, संस्कृत असे तीन वेगळे फॉन्ट आहेत, उतरवताना बघून घ्या. पण त्याला जाड वजन नाही. शीर्षक बोल्ड केलंत की ब्राउझर कडेनं शाई फासल्यासारखं खोटं जाड करतो. म्हणून शीर्षकाला मुक्ताचं जाड आणि ओवीला टीरो अशी जोडी लावा.

दोनच फॉन्ट, तिसरा नको. देवनागरीत जोडाक्षरांमुळे एकेका फॉन्टमध्ये शेकड्यांनी आकार असतात, फाइल रोमनपेक्षा कितीतरी जड, आणि गावाकडं रेंज नसताना ती उतरेपर्यंत वाचणारा निघून जातो.

तात्या_एडिसन

अवांतर: विंडोजवर इतकी वर्षं जो मंगल फॉन्ट बघतोय तो आपल्या र. कृ. जोशींनी केलेला. लोक त्याला नावं ठेवतात पण त्या काळच्या जाड ठिपक्यांच्या स्क्रीनवर मराठी वाचता आलं ते त्यामुळेच.

मुद्द्याचं: फॉन्ट उतरवायचाच कशाला? प्रत्येक यंत्रात एक बरा देवनागरी फॉन्ट असतोच. ॲपलवर कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर नोटो, विंडोज ८ पासून निर्मला. फॉन्ट-फॅमिलीत ही नावं ओळीनं लिहून शेवटी सॅन्स-सेरिफ टाकलं की झालं. पान पटकन उघडतं. माझ्या ब्लॉगवर मी हेच केलंय.

खडीसाखर

तात्या पटतं, बातम्यांच्या, रेसिपीच्या ब्लॉगला पटतं. ओव्यांना मात्र जरा चेहरा हवा असं माझं मत.

आणि एक राहिलंच, भाषेची खूण. टेम्प्लेटच्या पहिल्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषा 'ईएन' लिहिलेली असते, फुकट टेम्प्लेटांत हमखास. ती 'एमआर' असायला हवी. नोटोसारखे काही फॉन्ट ती खूण बघून मराठी वळणाचे ल आणि श दाखवतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. दंडाचा (हिंदी वळणाचा) ल आणि पाकळीचा (मराठी वळणाचा) ल यातला फरक ज्याला दिसतो त्याला तो मग दिसतच राहतो. २०२२ मध्ये राज्य सरकारनं जीआर काढून पाकळीचा ल आणि देठाचा श वापरायचं ठरवलं, आणि आपल्या ब्लॉगवर हिंदी वळण. ब्लॉगरच्या स्वतःच्या नव्या थीममध्ये सेटिंग्जमधली भाषा मराठी केली की ही खूण आपोआप बदलते, शिवाय तारखा आणि महिनेही मराठीत येतात.

सांगलीकर_गडी

दंडाचा ल पाकळीचा ल. आयुष्यभर ल लिहिला, आज कळलं त्याला पाकळ्या असतात.

बोरूबहाद्दर

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

जात्याचा_खुंटा

बाप रे किती लिहिलंत सगळ्यांनी. खूप धन्यवाद. टेम्प्लेट फेकलं. आता परत सिंपल लावू का? आणि मला कोड येत नाही हो, बीकॉम आहे मी, हे लाइन-हाइट वगैरे लिहायचं कुठं?

घाटमाथा

सिंपल नको. ती मोबाईलच्या आधीच्या जमान्यातली आहे. तुम्ही कॉम्प्युटरवर कितीही सजवा, मोबाईलवर ब्लॉगर तिची वेगळीच छोटी आवृत्ती दाखवतो, पत्त्याच्या शेवटी 'एम इज इक्वल टू १' लागतं बघा ते. २०१७ मध्ये आलेल्या चार आहेत, कंटेम्पो, सोहो, एम्पोरिओ, नोटेबल, या स्वतःहून स्क्रीनप्रमाणे आकसतात. सोहो आणि एम्पोरिओ फोटोवाल्यांसाठी. तुमच्याकडे फोटो नाहीत, कंटेम्पो घ्या. लावल्यावर थीमच्या बाणात 'मोबाईल सेटिंग्ज' आहे तिथं 'डेस्कटॉप' निवडलेलं आहे ना बघा. ऐकायला उलटं वाटतं, पण मोबाईल निवडलंत तर ती जुनीच छोटी आवृत्ती येईल.

कोड लिहायची जागा: थीम, कस्टमाइझ, ॲडव्हान्स्ड, त्यात यादीच्या तळाशी 'ॲड सीएसएस' (सीएसएस म्हणजे पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या ओळी). काकूंनी सांगितलेलं सगळं मिळून सात-आठ ओळी होतील. मोठ्या एक्सएमएल फाइलला हातच लावू नका. मी ओळी तयार करून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, तुम्ही फक्त चिकटवा.

आणि प्रत्येक बदलाआधी बॅकअप, फाइलच्या नावात तारीख घाला. माझ्याकडे 'थीम फायनल', 'थीम फायनल खरंच', 'थीम आता शेवटची' अशा फायली आहेत, कुठली कुठली मलाच कळत नाही.

चिमणचारा

ताई ब्लॉगांची ती यादी मिळेल! इंटरनेट अर्काइव्हचं वेबॅक मशीन आहे ना, तिथं आपल्या ब्लॉगचा पत्ता टाका, जुन्या तारखांची पानं साठवलेली असतील तर बाजूच्या पट्टीसकट दिसतात. तिथून नावं उतरवून घ्या. माझी अख्खी रेसिपी इंडेक्स मी अशी परत मिळवली.

जात्याचा_खुंटा

मिळाली!!! २०१९ चं पान होतं. चाळीस नाही त्रेचाळीस निघाले. एकेक उघडून बघितले तर निम्म्याहून जास्त बंद पडलेत, काहींवर शेवटची पोस्ट २०१३ ची. जरा वाईट वाटलं. पण यादीत ठेवणार आहे सगळे.

कंटेम्पो लावली, घाटमाथादादांच्या ओळी चिकटवल्या, वेलांट्या परत आल्या. पण ओव्यांच्या ओळी पहिल्या पानावर अजूनही एकात एक मिसळतायत. आत पोस्ट उघडली की ठीक दिसतं, तरी मोबाईलवर लांब ओळ अर्धी मोडून खाली येते आणि नवीन ओळ कुठली, मोडलेली कुठली कळतच नाही. ओवीत ते कळायला हवं, नाहीतर म्हणता येत नाही.

घाटमाथा

पहिल्या पानावर कंटेम्पो पोस्ट पूर्ण दाखवत नाही, सुरुवातीच्या मजकुराचा तुकडा घेते आणि तुकडा घेताना ओळीचे तोड गाळून टाकते. तो कोडनं बदलता येईल पण तुम्हाला फाइलीत शिरावं लागेल. त्यापेक्षा सोपा उपाय, प्रत्येक पोस्टच्या सुरुवातीला ओवी न टाकता दोन-तीन वाक्यं साधी लिहा, ही ओवी कुणाकडून ऐकली, कशाची आहे. तुकड्यात ती वाक्यं येतील, ओवी आत सुरक्षित राहील.

खडीसाखर

हे फारच चांगलं. जात्यावरच्या ओव्यांचं जे मोठं काम झालंय, हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांचं, लाखाच्या वर ओव्या, २०१७ पासून पारीच्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साईटवर आहेत, तिथंही ओवीबरोबर म्हणणारीचं नाव आणि गाव असतं. ओवी कुणाच्या तोंडची हे कळलं की वाचायची गोडी वाढते.

मोडलेल्या ओळीचं: छापखान्यात आम्ही याला मोडली ओळ आत घेणं म्हणायचो. प्रत्येक चरण वेगळा परिच्छेद करा, म्हणजे नुसतं एंटर, शिफ्ट-एंटर नाही. मग त्या परिच्छेदाला डावीकडून दोन एम पॅडिंग आणि टेक्स्ट-इंडेंट उणे दोन एम (एम हे अक्षराच्या आकारावरून ठरणारं माप). चरण कडेपासून सुरू होतो आणि मोडलाच तर उरलेला भाग आत सरकून येतो. शिफ्ट-एंटर केलंत तर सगळी ओवी एकच परिच्छेद राहते आणि उणे इंडेंट फक्त पहिल्या चरणाला लागतो. परिच्छेदांमधली मोकळी जागा मात्र शून्य करा, नाहीतर ओवी पायऱ्यांसारखी पसरते.

ओळी टाइप केल्या तशाच ठेवणारा 'प्री' टॅग कुणी सुचवला तर वापरू नका, तो टंकलेखन यंत्राचा फॉन्ट आणतो.

बोरूबहाद्दर

वर्डप्रेसमध्ये कवितेसाठी व्हर्स ब्लॉक आहे, ओळी आपोआप टिकतात. नुसतं सांगतोय.

घाटमाथा

आणि काही थीममध्ये तोही प्रीसारखाच टंकलेखन फॉन्टात दिसतो. नुसतं सांगतोय.

बोरूबहाद्दर

बरं मान्य. पण एक खरंच सांगतो, कारण मी तोंडावर आपटलोय. वर्डप्रेसवर जो कोणी थीममध्ये बदल करेल त्यानं थेट थीमच्या स्टाइल फाइलीत लिहू नये. मी सहा महिने बसून मराठीसाठी सगळं नीट केलं, एक दिवस 'अपडेट उपलब्ध' दिसलं, बटण दाबलं, सहा महिने साफ. अपडेट म्हणजे जुनी फोल्डर काढून नवीन ठेवणं, त्यात तुमचं लिहिलेलं कसं राहील. चूक माझीच. त्यासाठी चाइल्ड थीम करायची, एक छोटी फोल्डर, स्टाइल फाइलीच्या डोक्यावर आईबाप थीमचं नाव, आणि बदल फक्त तिथं. थोडंच बदलायचं असेल तर 'ॲडिशनल सीएसएस' पुरतं, ते डेटाबेसमध्ये राहतं, त्या थीमच्या अपडेटनं जात नाही. २०२२ च्या ५.९ आवृत्तीपासून नव्या ब्लॉक थीम आल्या, ट्वेंटी ट्वेंटी-टू वगैरे, त्यात कस्टमायझरची जागा साइट एडिटरनं घेतली, त्यामुळे जुने यूट्यूब व्हिडिओ बघून बटण शोधत बसू नका, ते तिथं नसतं.

नुसताच_वाचक

ह्यासाठी धन्यवाद, माझं वाचलं

तात्या_एडिसन

थीम निवडताना कसोटीचा मजकूर ठेवा. माझ्याकडे एक वाक्य आहे, कुठल्याही थीमला आधी ते खायला घालतो: 'ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढणाऱ्या ॲडव्होकेट कृष्णाकाकूंनी दऱ्याखोऱ्यांतल्या मूर्तींवर शृंगार चढवून विठ्ठलाला लाडू दिले.' ह्यात ॲ आहे, तो युनिकोडमध्ये २००८ ला आला, जुन्या फॉन्टात तिथं चौकोन दिसतो. ऱ्या आहे, काही फॉन्ट तिथं र खाली टिंब देऊन पाय मोडतात. 'दर्या' आणि 'दऱ्या' एकच दिसले तर तो फॉन्ट मराठीचा नव्हेच.

सांगलीकर_गडी

ॲडव्होकेट कृष्णाकाकूंवर एक कादंबरी होऊन जाऊ दे तात्या

चिमणचारा

ताई अजून एक, लिंक. ब्लॉगरवर मराठी शीर्षक दिलं की पत्त्यात 'ब्लॉग-पोस्ट', 'ब्लॉग-पोस्ट अंडरस्कोर १२' असलं काहीतरी येतं कारण त्याला देवनागरीचा पत्ता करता येत नाही. प्रकाशित करायच्या आधी उजवीकडे पर्मालिंकमध्ये कस्टम निवडून रोमन लिपीत ओवीचा विषय लिहा. जुन्या पोस्टींना हात लावू नका, लोकांनी दिलेल्या लिंका तुटतील.

वर्डप्रेसवर उलटं, तिथं मराठी पत्ता होतो पण आतून प्रत्येक देवनागरी चिन्हाची नऊ रोमन चिन्हं होतात आणि मर्यादा २०० ची, म्हणजे बावीस चिन्हांत पत्ता संपतो, काना-मात्रा-वेलांट्याही त्यातच मोजायच्या. शिवाय लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली तर टक्क्याच्या चिन्हांची माळ.

जात्याचा_खुंटा

मंडळी, चार दिवसांनी येतेय. सगळं केलं. मुक्ता आणि टीरो, लाइन-हाइट १.८, इंडेंट उणे दोन एम (हे मी स्वतः चिकटवलं!!). पार्श्वभूमी पांढरीशुभ्र होती ती किंचित पिवळट केली, आईचे डोळे दुखतात म्हणून. मजकूर २० पिक्सेल केला, भाचा म्हणाला फार मोठा, त्याला म्हटलं गप.

पोस्टींच्या आधी दोन वाक्यं लिहायला घेतलीत. साडेतीनशे आहेत, वेळ लागणार. आईला विचारायला बसले की ही कुणाची गं, तर तिनं परवा एका ओवीबद्दल सांगितलं की ती तिची नाहीच, धाकट्या जावेची आहे, ती बाळंतपणात गेली. तेरा वर्षं ती ओवी ब्लॉगवर आईच्या नावानं होती. आता काकूचं नाव लिहिलं.

काल रात्री आईला मोबाईलवर दाखवलं. तिनं मोडलेली ओळ बोटानं दाखवली, म्हणाली हिथं दम घ्यायचा असतो, बरोबर तुटलीय.

खडीसाखर

😊 इंडेंट तसाच ठेवा.

सांगलीकर_गडी

ताई लिंक द्या की राव ब्लॉगची. आणि घाटमाथादादा, तो तळाचा 'पॉवर्ड बाय' कसा काढायचा?

घाटमाथा

लिंक ताई देतील. तुम्ही नवीन धागा काढा. आणि आधी बॅकअप घ्या.